चौथं प्रकरण

बेगमपुऱ्यात, विद्यापीठाकडं वळणाऱ्या रस्त्यावर
माझं टायपिंगचं दुकान.
दोन कॉम्प्युटर, त्यातला एक शोभेचा.
पानाला बारा रुपये, तक्ते वेगळे,
पहिली दुरुस्ती फुकट.

इथं बसून मी किती देश टाइप केले म्हणून सांगू.
येमेनच्या नबीलची कापसावरची कीड,
सुदानच्या मुलीचं ग्रंथालयशास्त्र,
इराकच्या दोघांची सारखीच प्रस्तावना
(कुणी कुणाची उतरवली, विचारलं नाही).

झल्मय गझनीचा.
विषय : आशियातील सुरक्षा, मुत्सद्देगिरी आणि सत्तांतर.
अक्षर असं, की मुंग्यांनी सरहद्द ओलांडावी.
पहिली तीन प्रकरणं सरळ गेली,
चौथं त्याच्या स्वतःच्या मुलखाचं.
करार, हमीदार राष्ट्रं, वाटाघाटी, पुन्हा वाटाघाटी.
मी त्याला म्हणलं, आमच्या या शब्दात
वाट आहे आणि घाट आहे,
पोचायचं कुठं, ते गाव नाही.
त्यानं ते वहीत लिहून घेतलं. मार्गदर्शकांनी खोडलं.

मग ती पंधरा ऑगस्टची संध्याकाळ.
जिलेबीचा कागद टेबलावर तसाच होता.
तो दारात उभा, फोन छातीशी उलटा धरलेला.
म्हणाला, ताई, चौथ्या प्रकरणात
जिथं जिथं 'आहे' आहे, तिथं 'होतं' करा.

म्हणलं, एका बटणात होतंय, बघ.
नको म्हणाला. एकेक करा. मी बसतो.

बसला.
सरकार आहे, होतं.
सैन्य तीन लाख आहे, होतं.
संसदेत स्त्रिया आहेत, होत्या.
रात्री साडेदहापर्यंत आम्ही
एका देशाला भूतकाळात नेत होतो,
मध्ये दोनदा लाइट गेली.
शेवटी मी ऋणनिर्देशाचं पान उघडलं :
'माझी बहीण परवाना, जी शाळेत गणित शिकवते'
त्यानं माझा हात धरला नाही,
माउसची वायर धरली.
इथं नको.

पहिली दुरुस्ती होती. पैसे घेतले नाहीत.

माझे आजोबा निजामाच्या करोडगिरीत कारकून.
नळदुर्गाच्या अलीकडं नाका; साखर, कापड, काडेपेटी,
काहीही आलं की थांबवायचं, तोलायचं, उर्दूत लिहायचं.
सप्टेंबरात सोलापूरकडून रणगाडे आले.
आजोबा सांगायचे, माझ्या अख्ख्या नोकरीत
नाक्यावर न थांबता गेलेला
तेवढाच एक माल.
त्या दिवशीचे साडेचार रुपये हाली त्यांच्याकडंच राहिले.
भरायचे कुणाकडं? ज्याचं रजिस्टर, तोच उठून गेलेला.
पुढं गावात आनंद झाला, भीतीही झाली,
कुणाच्या घरी काय झालं ते आजोबा बोलायचे नाहीत,
नाण्यांची पुरचुंडी तेवढी दर दिवाळीत मोजायचे.
साडेचारच भरायचे.

आता झल्मयला मिल कॉर्नरला जावं लागतं,
आयुक्तालयात, व्हिसा वाढवायला.
तिथले साहेब वाईट नाहीत. ते फक्त विचारतात
दूतावासाचं पत्र कुठंय.
दूतावासाला कुलूप आहे.
मग कुलपाचं पत्र आणा, असं काही ते म्हणत नाहीत,
पण फाइल मिटतात तशीच.
त्याचे अर्ज मीच लिहिते. नऊ झाले.
'राष्ट्रीयत्व' या रकान्यात कर्सर लुकलुकत राहतो
आणि आम्ही दोघं चहा मागवतो.

परवा विद्यापीठाचं नवं परिपत्रक आलं :
मुखपृष्ठावर शहराचं नवं नाव हवं.
म्हणजे सगळ्यांच्याच प्रबंधांना दुरुस्ती.
मी जुनं नाव निवडलं, पुसलं, नवं टाइप केलं.
ते लांब, एका ओळीत मावंना.
झल्मय खुर्चीवरून वाकून बघत होता.
कितीतरी महिन्यांनी हसला.
ताई, हे तुमचं चौथं प्रकरण?

म्हणलं, गप रे.
फॉन्ट बारावरून अकरावर आणला.
दुकानाच्या पाटीचं विचारू नका,
पेंटर मिळत नाही.